सैल चापाचा पॅड

मित्रांनो, परीक्षेच्या दिवशी सकाळी तुम्ही ज्याला घरभर शोधता आणि जो शेवटी फ्रीजच्या डोक्यावर सापडतो, त्या पॅडचा मी थोरला चुलतभाऊ. रंग तपकिरी, एक कोपरा झिजलेला, आणि वय विचाराल तर तुमच्या बाईंनी अजून डायटिंग सुरू केलं नव्हतं तेव्हाचा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लाकडाचा ओला भुसा पसरून त्यावर प्रचंड वजन ठेवलं आणि दाबून दाबून मला सपाट केलं. वजनाशी माझी ओळख अशी जन्मापासूनची आहे. मग माझ्या डोक्याला दोन भोकं पाडून एक पत्र्याचा चाप बसवला. दुखलं का, असं कुणी विचारलं नाही. पुढे उभा जन्म मी दुखतं का विचारणाऱ्या कागदांखाली काढला, ही वेगळी गोष्ट.

वह्या-पेनांच्या दुकानात आम्ही बारा भाऊ एकावर एक पडून होतो. परीक्षेच्या वर्गात जायचं हे प्रत्येकाचं स्वप्न. गणिताच्या पेपरला कुणीतरी आपल्यावर कपाळ टेकून रडावं, एवढीच माझी इच्छा होती. पण एका दुपारी एका दवाखान्याचा माणूस आला, त्याने पावती फाडून घेतली आणि आम्ही बाराच्या बारा लठ्ठपणाच्या विभागात दाखल झालो.

हा विभाग एका डॉक्टरीण बाईंनी उभा केला होता. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्या म्हणायच्या, "माणूस किती किलोचा आहे ते काटा सांगतो. त्या किलोंनी त्याच्या जगण्याचं काय केलंय ते काट्याला कुठे कळतं? ते माणसालाच विचारायला हवं." म्हणून त्यांनी 'जगण्याचा दर्जा' नावाचा सत्तावीस प्रश्नांचा एक अर्ज तयार केला होता. जिना चढताना धाप लागते का? खाली पडलेली वस्तू उचलता येत नाही, असं होतं का? हात असलेल्या खुर्चीत बसायची भीती वाटते का? प्रत्येक प्रश्नापुढे एक चौकट. कधीच नाही, तर शून्य लिहायचं. नेहमीच, तर चार. शेवटी बेरीज. जास्तीत जास्त एकशे आठ.

बेरीज जितकी मोठी, तितकं जगणं अवघड. वर्षाला चाळीस ऑपरेशनं व्हायची. ज्यांची बेरीज सत्तरच्या वर, त्यांची नावं आधी. हे सगळं सूचनांच्या एका कागदावर लिहिलेलं होतं आणि तो कागद मोठ्या बाईंनी माझ्याच चापात, सगळ्या अर्जांच्या तळाशी, कायमचा लावून ठेवला होता. "हा पॅड भरवशाचा आहे," त्या म्हणाल्या होत्या. माझं आयुष्यातलं हे एकमेव कौतुक. जपून ठेवलंय.

ती वर्षं चांगली गेली. बाई बेरीज वाचायच्या, मग मान वर करून समोरच्या माणसाकडे बघायच्या. दुसरी गोष्ट अर्जात कुठेच लिहिलेली नव्हती, पण त्या करायच्या.

मग त्या निवृत्त झाल्या. माझे भाऊही एकेक करून गेले. एकाला चहाच्या किटलीखाली घातलं, एकाला न बसणाऱ्या खिडकीत ठोकलं, एकावर माश्या मारल्या. शेवटी मी एकटा उरलो. माझा चाप सैल झाला होता. मित्रांनो, चापाच्या स्प्रिंगला वर्षातून दोन थेंब तेल लागतं. जास्त काही नाही. ते दोन थेंब मला कुणी दिले नाहीत, आणि एका सकाळी सूचनांचा तो कागद माझ्या चापातून सुटला, तरंगत गेला आणि लोखंडी कपाटाच्या मागे पडला. मी पाहिलं. पॅडला तोंड नसतं, नुसता चाप असतो, आणि तोही मी गमावून बसलो होतो.

त्याच आठवड्यात नवा कारकून रुजू झाला. एका शाळेच्या ऑफिसात त्याने वीस वर्षं निकालपत्रकं लिहिली होती, म्हणून सगळे त्याला गुरुजी म्हणू लागले. माणूस कष्टाळू, बेरजेत कधी चुकायचा नाही. पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे अर्जांचा गठ्ठा आला. त्याने बेरजा केल्या. एकशे आठपैकी नव्वद, एकशे आठपैकी बावीस. आता या आकड्यांचं काय करायचं असतं, हे सांगणारा कागद कपाटामागे. गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि वीस वर्षांच्या सवयीने नव्वदच्या वर 'उत्कृष्ट', साठच्या वर 'प्रथम श्रेणी', पस्तीसच्या खाली 'नापास' असं लिहून टाकलं. नापासांकडे लक्ष द्यायला हवं, म्हणून त्यांची नावं ऑपरेशनच्या यादीत घातली.

मोठ्या बाईंच्या जागी आलेले नवे साहेब तरुण होते. त्यांना अर्ज वाचायला वेळ नव्हता, फक्त शेरा वाचायचे. आणि मान वर करायची पद्धत बाई बरोबर घेऊन गेल्या होत्या.

अशा रीतीने विभाग जोरात चालू लागला. बायकोने ढकलत आणलेला एक जावई होता. पट्ट्याला एक भोक कमी पडतं, याशिवाय त्याची काहीही तक्रार नव्हती. मार्क अकरा. त्याला तातडीने भरती केलं. तो बिचारा स्ट्रेचरवरूनही विचारत होता, "अहो, पण मला झालंय काय?"

आणि मग शिवणकाम करणारी ती बाई आली.

शाळेचे गणवेश शिवायची. चाळिशीची असेल. जिन्याच्या सात पायऱ्या चढून आली आणि दाराशी उभी राहून श्वास मोजत होती. बरोबर तिची नणंद, बसची कंडक्टर, खांद्याला अजून तिकिटाची बॅग.

"वहिनी, दारात उभी नको राहूस," नणंद म्हणाली. "मागून माणसं येतायत. पुढे सरका."

"थांब गं. इंजिन गार होऊ दे."

दोघी बाकावर बसल्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना हात होते. गुरुजींनी मला तिच्या मांडीवर दिलं. अर्ज माझ्या पाठीवर आणि पेन तिच्या हातात. मित्रांनो, माझ्यावर हजारो लोकांनी लिहिलंय. पण या बाईचा हात शिंपिणीचा, जाड कापडावर खडूने खुणा करणारा. ती चार लिहायची तर कागदातून थेट माझ्या पाठीत उतरायचा.

धाप लागते का? चार. पडलेली वस्तू उचलता येत नाही? चार. ती सुई उचलायला दोरीला लोहचुंबक बांधून ठेवते, असं तिने नणंदेला ऐकवलं. "मासे धरतेस जणू," नणंद म्हणाली. आडवं झोपता येत नाही? चार. आडवं झालं की झोपेत तिचा श्वास थांबायचा, म्हणून ती मशीनवर डोकं टेकून बसल्या बसल्याच झोपायची. ऑपरेशन या वर्षात झालं नाही तर धोका आहे, असं तिला दुसऱ्या एका डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्या चाळीस नावांमध्ये आपलं नाव यावं, एवढ्यासाठी ती आली होती.

वजनामुळे कामावर सुट्टी घ्यावी लागते का? इथे तिने शून्य लिहिलं. सुट्टी घेतली तर खाणार काय?

मग विसावा प्रश्न आला. घरचे लोक टोमणे मारतात का? तिने नणंदेकडे पाहिलं आणि एक लिहिला.

"एक?" नणंद म्हणाली. "दिवसभर माझं तोंड चालतं आणि मला एकच मार्क?"

"पहिल्या वेळी कमीच देतात. पुढे वाढव."

बाकी सगळे चार. पंचवीस चौके शंभर आणि हा एक. एकशे एक. विभागाच्या इतिहासात इतके कुणालाच पडले नव्हते. गुरुजींनी बेरीज दोनदा तपासली आणि पहिल्यांदाच शेऱ्यात 'अत्युत्कृष्ट' लिहिलं. साहेबांनी शेरा वाचला. "वा," ते कागदाला म्हणाले, "इतका चांगला जगण्याचा दर्जा मी पाहिलेला नाही. यांना ऑपरेशनची काय गरज?" कागदाच्या पलीकडे बसलेली बाई धापा टाकत होती. "अशीच प्रगती राहू द्या," साहेब म्हणाले.

महिन्याभराने तिला पत्र गेलं. अमुक दिवशी सभागृहात हजर राहावे. तिला वाटलं, नाव लागलं. ठेवणीतला चांगला ड्रेस घालून, दोन जोड कपडे पिशवीत भरून ती आली. तो विभागाचा वार्षिक दिवस होता आणि तिचा सत्कार होता.

साहेबांच्या भाषणाचा कागद माझ्यावर लावलेला, म्हणून मीही मंचावर होतो. मंचाला नऊ पायऱ्या. ती प्रत्येक पायरीवर थांबली. लोकांना वाटलं नम्रपणा. तिला बसायला पाहुण्यांची खास खुर्ची दिली, हात असलेली. ती नको म्हणत होती, पण पाहुण्यांचं नको कुणी ऐकत नसतं. ती कशीबशी बसली. पुढे नाव पुकारलं, ती उठली, आणि खुर्चीही तिच्याबरोबर उठली. टाळ्या वाजतच राहिल्या. दोघा शिपायांनी मागून खुर्ची ओढून काढली, त्यांनाही टाळ्या मिळाल्या. मग तिच्या हातात काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं. त्यावर लिहिलं होतं, जगण्याचा दर्जा: अत्युत्कृष्ट.

"दोन शब्द बोला," साहेब म्हणाले. "तुमच्या यशाचं रहस्य सांगा."

ती माईकसमोर बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "मी कपडे घेऊन आलेय. भरती कुठे व्हायचंय?"

सभागृह खळखळून हसलं. कार्यक्रम फार रंगला, असं दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते.

नणंद हसली नव्हती. कंडक्टर बाई ती. कोण चढलं आणि कोण उतरलं यावर नजर ठेवणं हेच तिचं काम. पुढचे चार दिवस ती ड्यूटी सुटल्यावर विभागात येऊन बाकावर बसली आणि कुणाकुणाला बोलावतात ते पाहत राहिली. पाचव्या दिवशी वहिनीला घेऊनच आली.

"गुरुजी," ती म्हणाली, "हिला अर्ज पुन्हा भरायचाय. पहिल्या वेळी घाई झाली."

गुरुजींना नियम माहीत नव्हता, कारण नियम कपाटामागे होता. त्यांनी नवा अर्ज लावून मला दिलं. दोघी बाकावर बसल्या आणि नणंद हळू आवाजात म्हणाली, "ऐक. इथे उलटी गाडी चालते. ज्याचं सगळं बरं, त्यालाच आत घेतात. सगळीकडे शून्य लिही."

"अगं, पण ते खोटं आहे."

"खरं लिहून काय मिळालं? फ्रेम. वहिनी, माझ्यासाठी एकदा नापास हो."

शिवणवालीने पेन घेतलं. धाप लागते का? शून्य. वस्तू उचलता येत नाही? शून्य. खुर्चीची भीती? इथे ती जरा थांबली, मग शून्य. मित्रांनो, ती खोटं लिहिताना अजिबात जोर लावत नव्हती. त्या शून्यांचा ओरखडासुद्धा मला लागला नाही. खालचे चौके तसेच होते.

विसाव्या प्रश्नावर तिने तीन लिहिला.

"हे काय?" नणंद म्हणाली.

"एक तरी खरं लिहू दे. आणि बघ, दोन मार्क वाढवले तुझे."

"घरी चल, चौथाही मिळवते," नणंद म्हणाली. दोघी हसल्या. शिवणवालीला हसून धाप लागली, आणि धाप लागल्यामुळे पुन्हा हसू आलं.

त्याच वेळी आतल्या खोलीत रंगारी आले होते. त्यांनी लोखंडी कपाट सरकवलं. मागे एक मेलेली पाल, दोन टाचण्या आणि एक कागद निघाला. रंगाऱ्याने कागद गुरुजींच्या टेबलावर आणून टाकला.

गुरुजींनी तो वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. माणूस वाईट नव्हता. ते उठून साहेबांकडे गेले. दार उघडंच होतं.

"साहेब, आपलं सगळं उलटं झालंय."

साहेबांनी कागद पाहिला. जरा वेळ पेनाचं टोपण लावलं, काढलं. "जुने अहवाल तर वर गेलेत," ते म्हणाले. "ते आता हलवता यायचे नाहीत. आजपासून नीट करा."

"आजपासून?"

"आजपासून. अगदी काटेकोर."

गुरुजी परत आले तेव्हा मी त्यांच्या टेबलावर होतो. माझ्या पाठीवर आजचा पहिला अर्ज. बेरीज तीन. त्यांनी तिला ओळखलं. अत्युत्कृष्ट विद्यार्थी गुरुजी विसरत नसतात.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे आता तीन झालेत."

"हो. म्हणजे लागलं ना नाव?"

गुरुजींनी सूचनांचा कागद तिच्यासमोर धरला. सत्तरच्या वर असेल त्याचं नाव. तिने वाचलं, नणंदेने वाचलं.

"मग माझे एकशे एक होते की," शिवणवाली म्हणाली.

"ते गेले. तो अहवाल वर गेला."

"मग हे खोडा. हे मी खोटं लिहिलंय."

"कुठलं खोटं, बाई? आधीचं की आताचं? मला लिहावं लागतं."

"अहो, माझ्याकडे बघा ना," ती म्हणाली.

गुरुजींनी पाहिलं, हे मी शपथेवर सांगेन. पाहिलं आणि मग पुन्हा कागदाकडे पाहिलं. खाली शेवटची ओळ होती, मोठ्या बाईंच्याच अक्षरात: 'उत्तरं पाठ होऊ नयेत म्हणून एका माणसाकडून सहा महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज भरून घेऊ नये.' चांगला नियम होता. चांगल्या बाईंनी केला होता.

"सहा महिन्यांनी पत्र पाठवतो," गुरुजी म्हणाले. "मी स्वतः पाठवतो. विसरणार नाही."

साहेबांना मात्र आनंद झाला. "एकशे एकवरून तीन," ते म्हणाले. "आणि तेही ऑपरेशनशिवाय. सत्काराचा माणसावर इतका परिणाम होतो, हे कुणी अभ्यासलंय का?" त्यांनी एक आलेख काढला. डावीकडे उंच टिंब, उजवीकडे खाली टिंब, मधे एक तिरकी रेघ. तो भिंतीवर लावला. नवा रंग वाळलेला होता.

गुरुजी शब्दाला जागले. सहा महिने झाले त्या दिवशी त्यांनी पत्र टाकलं. त्याच आठवड्यात नणंद आली. एकटीच. हातात पत्र आणि काखेत ती काचेची फ्रेम.

"ही घ्या," तिने फ्रेम टेबलावर ठेवली. "आमच्याकडे आता लागत नाही."

गुरुजींनी दाराकडे पाहिलं. मागून कुणी येतंय का ते.

"नाही येत कुणी," नणंद म्हणाली. "तीन महिने झाले. सकाळी मशीनवर डोकं तसंच होतं. सुईत दोरा ओवलेला."

गुरुजी उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"पत्रात लिहिलंय, पेशंट येऊ शकत नसेल तर नातेवाइकाने अर्ज भरावा," नणंद म्हणाली. "द्या इकडे."

"अहो, ताई, त्याची आता..."

"तुम्ही बोलावलंय. द्या."

तिने मला मांडीवर घेतलं. तिकिटाच्या बॅगेतून स्वतःचं पेन काढलं आणि मोठ्याने वाचू लागली, स्टॉपची नावं पुकारावीत तशी. जिना चढताना धाप लागते का? "कधीच नाही. शून्य." पडलेली वस्तू उचलता येत नाही, असं होतं का? "शून्य." आडवं झोपता येत नाही, असं होतं का? "येतं की. आता छान येतं." शून्य. हात असलेल्या खुर्चीत बसायची भीती वाटते का? शून्य.

बाकावरचे लोक पाहू लागले. तिचा आवाज एकोणिसाव्या प्रश्नापर्यंत अजिबात हलला नाही.

विसावा तिने वाचायला घेतला. "घरचे लोक टोमणे..." आणि तिथे थांबली. पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं आणि कागदाखाली माझ्या पाठीवर तो जुना एक होता, वहिनीने तिच्याकडे पाहून लिहिलेला. टोक नेमकं त्या रेघेत अडकलं. तिने दाबून पाहिलं. कागदाला भोक पडलं. त्या भोकाभोवती तिने हळूहळू शून्य काढलं.

"कुणाला मारणार?" ती म्हणाली.

मग उरलेली सात शून्यं तिने मुकाट्याने लिहिली आणि मला टेबलावर ठेवलं.

"ताई, हा अर्ज मला घेता येणार नाही," गुरुजी म्हणाले.

"का? यातलं एक उत्तर खोटं आहे का, दाखवा."

गुरुजींनी सत्तावीसच्या सत्तावीस उत्तरं पाहिली. मग त्यांनी बेरीज केली. शून्यांची बेरीज करायला त्यांना पहिल्यांदाच इतका वेळ लागला. खाली शिक्का मारला. नणंद उठली आणि दाराशी जाऊन सवयीने मागे वळून म्हणाली, "पुढे सरका." मागे कुणी नव्हतं.

आलेखात तिसरं टिंब आलं. एकशे एक, तीन, शून्य. रेघ थेट तळाला टेकली. इतकी सुंदर रेघ कुणाचीच नव्हती. साहेबांची बदली मोठ्या दवाखान्यात झाली, आणि जाताना तो आलेख ते बरोबर घेऊन गेले. फ्रेमही त्यालाच वापरली.

गुरुजींनी नोकरी सोडली. ते आपल्या जुन्या शाळेत परत गेले आणि जाताना मला पिशवीत घालून घेऊन गेले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. तिथे पोचल्यावर त्यांनी सगळ्यात आधी माझ्या चापाला दोन थेंब तेल दिलं.

आता मी शाळेच्या ऑफिसात असतो. परीक्षेला जो पॅड विसरेल त्याला मला देतात. म्हणजे म्हातारपणी का होईना, स्वप्न पुरं झालं. मुलं माझ्यावर कपाळ टेकून रडतात. पण तक्रारही करतात. या पॅडवर अक्षर नीट येत नाही, पेन दर ओळीला एका खड्ड्यात जातं, गणितात भलतीकडेच चार उमटतो. परवा एका मुलीचे त्यामुळे दोन मार्क गेले.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. उद्या परीक्षेत मी तुमच्या वाट्याला आलो आणि लिहिता लिहिता पेन अडखळलं, तर मला नावं ठेवू नका. कागद उचला आणि खाली बोट फिरवून पाहा. तिथे तुमच्याआधी कुणीतरी खूप जोर लावून खरं लिहिलेलं आहे.